पिशवी काढण्याआधी बीजकोशांचे विचारा



आपल्या वस्त्यांमध्ये चाळिशीच्या आसपासच्या बायकांबद्दल एक वाक्य फार सहज बोलले जाते : "पिशवी काढल्यापासून ती पार बदलली." कोणी म्हणते चिडकी झाली. कोणी म्हणते रात्रभर टक्क जागी असते, एकटीच रडते, भर थंडीत पंखा लावून बसते. सासूला ती नाटके वाटतात. शेजारणीला वाटते कोणीतरी काहीतरी केले. नवरा एक तर गप्प बसतो, नाही तर बाहेर निघून जातो. आणि तिला स्वतःलाही आपल्याला काय होते आहे ते सांगता येत नाही, कारण ऑपरेशनच्या वेळी पोटातून नेमके काय काय काढले हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. पिशवीचे ऑपरेशन हा त्याचा शेवटचा टप्पा. तिथवर पोचायचे तर आधी लैंगिक संप्रेरके म्हणजे काय, ती अंगात आणि डोक्यात काय करतात, हे समजून घ्यावे लागेल. डॉक्टर त्यांना हार्मोन्स म्हणतात, आणि तो शब्द आता सगळ्यांना माहीत आहे.

असला विषय घरात येणाऱ्या मासिकात कशाला, असे काहींना वाटेल. त्यांच्यासाठी एक आठवण. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण माणसाने शरीराबद्दल प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे, ही बाजू बाबासाहेबांनी घेतली होती. तेव्हा आपण संकोच बाजूला ठेवू.

गावाकडून आलेल्या आपल्या जुन्या माणसांना संप्रेरकांचे काम पुस्तकाशिवाय माहीत होते. वळू आणि बैल यांच्यात फरक काय? दोघे एकाच गाईच्या पोटचे असू शकतात. पण गोऱ्हा खच्ची केला की तो शांत होतो, औताला जुंपता येतो, गाईच्या मागे धावत नाही, त्याची मान आणि खांदे वळूसारखे भरत नाहीत. म्हणजे वृषण काढले किंवा निकामी केले तर शरीर बदलते आणि स्वभावही बदलतो. हे शेतकऱ्याला हजारो वर्षे माहीत होते. कसे होते, एवढेच माहीत नव्हते.

ते कोडे सोडवायला सुरुवात केली जर्मनीतल्या बर्टोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने, १८४९ साली. त्याने कोंबड्यांचे वृषण काढले. त्यांचा तुरा सुकला, बांग थांबली, भांडणे थांबली, कोंबड्यांमागे धावणे थांबले. मग काही कोंबड्यांच्या पोटात त्याने एक वृषण भलत्याच जागी परत बसवले. तिथे आधीच्या नसांशी त्याची काही जोडणी नव्हती. तरीही तुरा पुन्हा लाल झाला आणि कोंबडा आरवू लागला. म्हणजे निरोप नसांमधून जात नव्हता, तो रक्तातून जात होता. अशा रक्तातून फिरणाऱ्या रसायनांना 'हार्मोन' हे नाव लंडनच्या स्टार्लिंग यांनी १९०५ साली दिले.

विहाराच्या भोंग्यावरून निरोप दिला तर तो सगळ्या वस्तीला ऐकू जातो, पण ज्याचे नाव घेतले तोच उठून जातो. संप्रेरकाचे तसेच आहे. रक्ताबरोबर ते सगळीकडे जाते, मात्र ज्या पेशींना ते ओळखता येते तिथेच काम करते. लैंगिक संप्रेरकांना ओळखणाऱ्या पेशी फक्त जननेंद्रियांत नाहीत. हाडांत आहेत, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आहेत, कातडीत आहेत, लघवीच्या मार्गात आहेत आणि मेंदूत तर भरपूर आहेत. झोप, भूक, अंगातली उष्णता, राग, आनंद आणि आठवण सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांपर्यंत हा निरोप पोचतो. त्यामुळे निरोप देणारी ग्रंथी बंद पडली तर परिणाम फक्त पाळीवर किंवा मुले होण्यावर होईल, असे समजणे चूक आहे.

तीन नावे लक्षात ठेवा : इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन. बाईच्या ओटीपोटात गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मुख्यतः तिथे तयार होते. टेस्टोस्टेरॉन मुख्यतः पुरुषाच्या वृषणांत. पण एक बायकांचे आणि एक पुरुषांचे, अशी भिंत निसर्गाने घातलेली नाही. बाईच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असते. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनते आणि त्याच्यावाचून पुरुषाची हाडेसुद्धा मजबूत राहत नाहीत. प्रमाण वेगळे, रसायने तीच.

इथेच एक मोठा गैरसमज दूर करू. पुरुष नसबंदीला घाबरतात, कारण त्यांना वाटते आपला बैल होईल. नसबंदीत वृषणांना हात लावत नाहीत. बीज वाहून नेणारी बारीक नळी तेवढी बंद करतात. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळते. त्यामुळे ताकद, दाढी-मिशी, इच्छा, सगळे जसेच्या तसे राहते. बाईच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्येही नळ्याच बंद करतात, बीजकोश राहतात. दोन्हींत पुरुषाचे ऑपरेशन सोपे, पोट न उघडता होणारे. तरी २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःचे ऑपरेशन करून घेतलेले होते. नवऱ्याची नसबंदी झालेल्या फक्त ०.३ टक्के. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९३८ साली मांडला गेला होता, आणि तो फेटाळला गेला. इतक्या वर्षांनंतरही त्याचा सगळा भार बाईच्याच पोटावर आहे.

पुरुषांचा विषय निघाला आहे तर आणखी दोन गोष्टी बोलू.

पहिली, व्यायामशाळेतली इंजेक्शने. दंड लवकर फुगावेत म्हणून आपली तरुण मुले कोणाच्या तरी सांगण्यावरून सुया टोचून घेतात. ती बहुधा टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच्या जातकुळीतल्या स्टिरॉइडची असतात. बाहेरून भरपूर माल आला की कारखाना बंद ठेवावा, तसा मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. वृषण आकसतात, बीज तयार होणे कमी होते किंवा थांबते. जादा टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन बनून छाती बाईसारखी वाढू शकते. मुरुमे, चिडचिड, हृदयावर ताण हे वेगळेच. इंजेक्शन बंद केल्यावर शरीराला पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात आणि त्या काळात मुलगा खूप उदास होऊ शकतो. दारूचेही असेच आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचे यकृत बिघडते, संप्रेरकांचा तोल जातो, वृषण लहान होतात. मर्दानी वाटावे म्हणून घेतलेला पेला नेमके उलटे करतो.

दुसरी गोष्ट रागाची. "पुरुषाचं रक्तच गरम" असे म्हणून मारहाण झाकली जाते. माणसाचा मेंदू बैलाचा नाही. टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून हा माणूस बायकोवर हात उचलतो, असे विज्ञानाने दाखवलेले नाही. जो साहेबासमोर, पोलिसासमोर राग गिळतो आणि घरी येऊन ताट फेकतो, त्याच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन वाटेत बदललेले नसते. उलट आपले वागणेच संप्रेरक बदलते. फिलिपाईन्समधल्या सेबू शहरातल्या शेकडो तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा केला गेला. त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. जे बाप झाले त्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले, आणि जे बाप रोज तास न् तास बाळाला सांभाळत त्यांचे सर्वांत कमी होते. बाळाला जोजवणारा बाप कमी पुरुष ठरत नाही. त्याचे शरीर त्या कामाला जुळवून घेते.

वयात येणाऱ्या मुलांबद्दल थोडक्यात. मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात मेंदू बीजकोशांना आणि वृषणांना जागे करतो. उंची, आवाज, छाती, केस हे आपल्याला दिसते. आत मेंदूचीही दुरुस्ती चाललेली असते. भावनांचा भाग लवकर पेटतो. थांबून विचार करणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. झोपेचे घड्याळही पुढे सरकते, म्हणून पोरगे रात्री जागते आणि सकाळी उठत नाही. एका खोलीत सहा माणसे असलेल्या घरात हे फार टोचते, आम्हाला कल्पना आहे. पण त्याला निव्वळ उद्धटपणा समजून मार देण्यात अर्थ नाही.

आता पाळीकडे. महिन्याच्या पहिल्या अर्ध्या भागात इस्ट्रोजेन चढते, मधे बीज सुटते, मग प्रोजेस्टेरॉन चढते, आणि गर्भ राहिला नाही तर दोन्ही घसरतात. ती घसरण झाली की पाळी येते. बऱ्याच जणींना त्याआधी चार-आठ दिवस चिडचिड होते, छाती दुखते, रडू येते. अशा बाईच्या रक्तात संप्रेरके काही वेगळी किंवा जास्त नसतात. तिचा मेंदू त्या चढउताराला जास्त हळवा असतो. म्हणून एका बहिणीला त्रास होतो आणि दुसरीला नाही. दर महिन्याला जगणे नकोसे वाटण्याइतका त्रास असेल तर त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

विटाळ वगैरे कल्पना आपण १९५६ सालीच मागे टाकल्या. पाळीत विहारात यावे, वंदना घ्यावी, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालावा, कसलीही आडकाठी नाही. तरी आपल्याच घरातल्या मुली नात्यातल्या कोणाच्या लग्नाला किंवा पूजेला जायचे म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणून खातात. ते प्रोजेस्टेरॉनसारखेच औषध आहे. जिला पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, जिला यकृताचा आजार आहे किंवा झटक्यासह अर्धे डोके दुखते, तिला ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना न विचारता आणि कोणाच्या तरी देवघराच्या भीतीने ते घेऊ नये.

बाळंतपणात संप्रेरकांचा सर्वांत मोठा कडेलोट होतो. नऊ महिने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन आभाळाला भिडलेले असते. वार पडली की काही दिवसांत ती तळाला जातात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाळंतीण कारण नसताना रडते, हे फार घरांत दिसते. दोन आठवड्यांत ते आपोआप जाते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाकडे बघावेसे वाटेना, झोप येईना, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. हजारात एखाद-दुसरी बाळंतीण मात्र अचानक असंबद्ध बोलू लागते, कोणी नसताना आवाज ऐकू येतात असे सांगते, बाळाला धोका आहे म्हणून पळते. तिला "बाहेरचं लागलं" म्हणून देवऋष्याकडे नेण्यात गेलेला एक-एक दिवस तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतो. तिला त्याच दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, एकटी सोडू नका. कारणाशिवाय काही घडत नाही हे तथागतांनी सांगितले. इथे कारण शरीरात आहे आणि त्यावर उपचार आहे.

आणि आता ज्या वयाबद्दल सुरुवात केली ते वय. आपल्या देशात बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. युरोप-अमेरिकेत साधारण ५१ व्या वर्षी. पाळी एका दिवसात जात नाही. आधी तीन-चार वर्षे, कधी त्याहून जास्त, ती मागे-पुढे होते, कधी धो-धो जाते, कधी दोन महिने येत नाही. सलग बारा महिने आली नाही की पाळी गेली म्हणायचे. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी लगेच तपासून घ्यावे, तो कर्करोगाचा इशारा असू शकतो. "राहिलेलं साहिलेलं गेलं असेल" म्हणून थांबू नये.

इस्ट्रोजेन कमी झाले की मेंदूतला उष्णतेचा काटा हलका होतो. जराशी उष्णता वाढली तरी मेंदूला वाटते अंग तापले, आणि तो घाम सोडून, कातडीकडे रक्त पाठवून अंग थंड करायला बघतो. छातीपासून चेहऱ्यापर्यंत वाफा निघाल्यासारखे होते ते यामुळे. रात्री असे चार वेळा झाले की झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी डोके चालत नाही, ठेवलेली वस्तू सापडत नाही, लहानशा गोष्टीवर भडका उडतो. त्याच बाईला पहाटे चारला उठून नळावर रांग लावायची असते आणि सातला पहिल्या घरी भांडी घासायला पोचायचे असते, हे तिला "खडूस झाली" म्हणणाऱ्याने आधी मोजावे.

त्याखेरीज योनीमार्ग कोरडा पडतो, नवऱ्याजवळ जाताना दुखते, आणि ती टाळते. नवऱ्याला वाटते हिचे मन उडाले. लघवीला जळजळ वारंवार होते. हाडे पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत झपाट्याने ठिसूळ होतात, म्हणून नुसते घसरून पडल्यावर मनगट मोडते. हृदयविकाराचा धोकाही त्यानंतर वाढत जातो. नाचणीची भाकरी, तीळ, शेवग्याचा पाला, अख्खा खाल्ला जाणारा जवळा, रोज थोडे ऊन आणि थोडे चालणे याचा हाडांना उपयोग होतो. तंबाखूची मिस्री बंद केली तर हाडांना आणि हृदयालाही. योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते, ते जवळपास तिथल्या तिथेच काम करते. वाफा आणि जागरण सहन होत नसेल तर पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि साठीच्या आधी बहुतेक बायकांना इस्ट्रोजेनचा उपचार देता येतो. गर्भपिशवी असेल तर त्याबरोबर प्रोजेस्टेरॉनही लागते. स्तनाचा कर्करोग झालेल्या, गुठळीचा आजार असलेल्या, यकृत बिघडलेल्या बाईला तो देत नाहीत. यात लाजण्यासारखे काही नाही. साखरेच्या गोळीसारखीच ही गोळी.

नैसर्गिकपणे जे पाच-सात वर्षांत हळूहळू होते, ते दोन्ही बीजकोश काढले की एका रात्रीत होते. सकाळी ऑपरेशन टेबलावर जाणाऱ्या ३५ वर्षांच्या बाईच्या अंगात संध्याकाळपासून संप्रेरके कोसळायला लागतात. काही दिवसांतच वाफा सुरू होतात, झोप जाते, मन खचते. बाईच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटाही बीजकोशांतून येतो, तोही जातो आणि इच्छा मरते. गोऱ्ह्याचे वृषण काढले की तो बदलणार हे सगळ्या गावाला मान्य असते. बाईचे बीजकोश काढले तर मात्र "काही होत नाही, आता मुलं झाली ना" असे सांगतात. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकार, हाडे ठिसूळ होणे आणि पुढे स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण जास्त आढळले आहे.

म्हणूनच "पिशवी काढली" एवढे सांगून भागत नाही. फक्त गर्भपिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, तर पाळी बंद होते पण संप्रेरके चालू राहतात. काही जणींचे बीजकोश त्यानंतर नेहमीपेक्षा काही वर्षे आधी थकतात, तेवढे लक्षात ठेवायचे. गर्भपिशवीबरोबर बीजकोशही गेले तर गोष्टच वेगळी. दोन्हींना वस्तीत एकच शब्द आहे, "पिशवी", आणि सगळा घोटाळा त्या एका शब्दात लपतो.

हा घोटाळा कोणाच्या वाट्याला जास्त येतो ते २०१९ साली बीडमधून पुढे आले. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. शेतात संडास नाही, पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी तरुण बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बिहार, राजस्थान, छत्तीसगडमधल्या अशाच ऑपरेशनांबद्दल एक याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. तिच्यावर एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक ऑपरेशने रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितल्या. आपण शहरातल्या वस्तीत राहतो म्हणून सुटलो, असे समजू नका. घरकाम करणारीला, कचरा वेचणारीलाही पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, आणि "विम्यात बसतंय, काढून टाका, कटकट जाईल" हे वाक्य इथेही ऐकू येते.

ऑपरेशन कधी लागतेच. गर्भपिशवीचा कर्करोग, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, पोट भरून टाकणारी गाठ, मायांग फार बाहेर येणे, अशा वेळी ते जीव वाचवते आणि ते टाळू नये. आमचे म्हणणे बाकीच्यांबद्दल आहे. पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, त्याला गोळ्या असतात आणि नवऱ्यालाही बरोबरीने औषध घ्यावे लागू शकते. कंबरदुखी सहसा पिशवीमुळे नसते. सोनोग्राफीत "पिशवीला सूज" लिहिले म्हणून पिशवी काढत नाहीत. बीजकोशावरची पाण्याची लहान गाठ अनेकदा दोन-तीन पाळ्यांत विरून जाते. त्रास न देणारी लहान मांसल गाठ पाळी गेल्यावर आपोआप आकसते. जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची संप्रेरकाची तांबीसारखी वस्तू आहे, आधी थायरॉईड आणि रक्त तपासणे आहे. "पुढे कॅन्सर होईल" असे कोणी घाबरवले तर तीस वर्षांवरील बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, ती आधी करून घ्या.

तरीही डॉक्टर ऑपरेशनच सांगत असतील तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या. विचारायचे ते असे : डॉक्टर, नेमका आजार कोणता? ऑपरेशन न करता काय होऊ शकते? बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का? घरात आईला, मावशीला किंवा बहिणीला बीजकोशाचा किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर ते तुम्ही सांगा, तेव्हा काढण्याला कारण असू शकते. सहीचा कागद इंग्रजीत असेल तर शिकलेल्या मुलीला बरोबर न्या आणि बीजकोश काढण्याचा उल्लेख त्यात आहे का ते वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

ज्यांचे ऑपरेशन होऊन गेले आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधून काढावे. त्यावर नुसते टी.ए.एच. लिहिले असेल तर पोटातून गर्भपिशवी काढली एवढेच. त्यापुढे बी.एस.ओ. असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही बीजकोशही काढलेले आहेत. काढलेला भाग तपासायला पाठवला असेल तर त्याचा रिपोर्टही असतो, तो मागून घ्या, तो तुमचा आहे. कार्डावर बी.एस.ओ. आहे आणि ऑपरेशनच्या वेळी तुमचे वय पंचेचाळिशीच्या आत होते, तर ते कार्ड घेऊन सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. इस्ट्रोजेन घेता येईल का, हाडांची तपासणी करावी का, रक्तदाब आणि साखर किती आहे, हे विचारा. जाताना सासूला किंवा नवऱ्याला बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टर काय सांगतात ते त्यांच्याही कानावर पडेल.